नव्या गिटारीवरचे ओरखडे

भांड्यांच्या दुकानात नवा डबा घेताना आपण तो चहूबाजूंनी फिरवून पाहतो. कुठे पोचा आढळला तर दुसरा मागतो. दुसरा नसेल तर किंमत उतरवून मागतो. नव्या वस्तूने नवे दिसावे ही अपेक्षा इतकी साधी आहे, की ती बोलून दाखवण्याचीही गरज पडत नाही. आज ज्या व्यवसायाविषयी मी आपणांशी बोलणार आहे, तेथे मात्र हा व्यवहार नेमका उलटा चालतो. तेथे गिऱ्हाईक नव्या वस्तूवर पोचे, टवके, ओरखडे आणि गंज मागून घेते, त्याचे निराळे पैसे मोजते, आणि वस्तू पुरेशी झिजलेली दिसली नाही तर नाक मुरडते. ही वस्तू म्हणजे इलेक्ट्रिक गिटार. तिला कारखान्यातच म्हातारपण देऊन विकण्याची विद्या अमेरिकेत गेली तीस वर्षे सुखाने नांदते आहे.

श्रीमंतांचे एक खूळ म्हणून हे हसण्यावारी नेता येईल. मीही प्रथम हसलोच. परंतु तपशील कळत गेला तसतसे ते हसू थोडे ओसरले. कारण जुन्या वस्तूवर आपला जीव जडतो, तो वस्तूच्या कोणत्या भागावर जडतो, हा प्रश्न या धंद्याने फार उघडावाघडा करून आपल्यापुढे ठेवला आहे.

या वाद्याचे रेडिओशी जवळचे नाते आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी लिओ फेंडर नावाचे गृहस्थ १९३८ पासून रेडिओ-दुरुस्तीचे दुकान चालवीत असत. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. परंतु तारेचे कंपन लोहचुंबकाभोवती गुंडाळलेल्या वेटोळ्यात पकडून, विजेच्या रूपाने ध्वनिवर्धकाकडे धाडायचे असेल, तर वाद्याला पोकळ पेटीची गरज उरत नाही, हे त्यांच्यातल्या रेडिओ-कारागिराला पटले होते. हे ओळखणारे ते पहिले नव्हेत. पण कारखान्यात शेकड्यांनी बनवता येईल अशी भरीव फळीची गिटार त्यांनी १९५० साली बाजारात आणली. पुढच्या वर्षी तिला टेलिकास्टर हे नाव मिळाले. १९५४ साली तिची अधिक डौलदार बहीण स्ट्रॅटोकास्टर आली. दरम्यान मिशिगन राज्यातील कॅलामझू येथील गिब्सन कंपनीने, लेस पॉल या नामांकित वादकाचे नाव देऊन, १९५२ साली आपली भरीव गिटार विकायला काढली होती. आजच्या सगळ्या कथेतील पात्रे ही एवढीच.

आता रंगाकडे वळू. कारण सारी गंमत रंगात आहे. या गिटारींना जो रंग दिला जाई, तो मुळात मोटारींचा. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून नायट्रोसेल्युलोज नावाचा पदार्थ मिळतो. त्याचे लॅकर १९२० नंतरच्या दशकात ड्युपाँट कंपनीने मोटारींसाठी बाजारात आणले. ते झटपट वाळे, आरशासारखे चकाके आणि फवाऱ्याने देता येई. फेंडरच्या रंगांची नावेसुद्धा मोटारींच्या कारखान्यांतून आलेली आहेत. ‘फिएस्टा रेड’ हा फोर्ड थंडरबर्डचा लाल, आणि ‘लेक प्लॅसिड ब्लू’ हा कॅडिलॅकचा निळा.

या लॅकरची एक खोड अशी, की ते वाळले असे वाटते तेव्हाही त्याचे वाळणे थांबलेले नसते. त्यातील द्रावक वर्षानुवर्षे उडत राहते. थर पातळ होतो, लाकडाच्या रेषांत खोल बसत जातो आणि ठिसूळ बनतो. खालचे लाकूड ऋतुमानाप्रमाणे फुगते आणि आकसते. वरच्या ठिसूळ थराला ते झेपत नाही. हिवाळ्याच्या रात्री मोटारीत राहिलेली गिटार वादकाने एकदम उबदार खोलीत आणून पेटी उघडली, की तिच्या अंगावर केसाएवढ्या भेगांचे जाळे उमटते. त्यात उजेडाची भर पडते. लॅकर पिवळे पडत जाते, त्यामुळे पांढरी गिटार सायीच्या रंगाची होते आणि निळी गिटार हिरवट दिसू लागते. जिथे वादकाचा उजवा हात टेकतो तिथला रंग उडून लाकूड उघडे पडते. पाठीवर पट्ट्याच्या बकलाने चट्टा उठतो. मानेवरचे लॅकर बोटांनी उडते आणि फिक्या मेपल लाकडात घाम व मळ मुरून राखी डाग पडतात.

गिब्सनची हकीगत याहून बहारीची आहे. १९५८ पासून लेस पॉल गिटारी सूर्यास्ताच्या आभाळासारख्या रंगवल्या जाऊ लागल्या. मध्ये मधासारखा पिवळा, आणि कडेकडेने गडद होत जाणारा लाल. हा लाल रंग कच्चा निघाला. दुकानाच्या काचेत ऊन खात पडलेल्या गिटारींचा लाल उडून गेला. कुठे तो फिकट चहासारखा झाला, कुठे तपकिरी, आणि कुठे तर नुसता पिवळा शिल्लक उरला. १९६० साली कंपनीने अधिक पक्का लाल वापरायला सुरुवात केली आणि त्याच सुमारास, खप नाही म्हणून, या गिटारींचे हे रूपच बंद केले. तीन वर्षांत मिळून त्या दीड हजारांच्या आसपास बनल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे. आज त्यांतील एकेकीला लाखो डॉलर पडतात, आणि लाल रंगाच्या उडण्याची प्रत्येक छटा संग्राहकांनी वेगळे नाव देऊन वाखाणली आहे. १९६० साली जो दोष म्हणून दुरुस्त केला गेला, तोच आज खरेपणाचा दाखला ठरला आहे.

जुन्या गिटारींचा हा भाव वाढायला आणखी एक घटना कारण झाली. १९६५ च्या जानेवारीत फेंडर कंपनी सी.बी.एस. या प्रचंड प्रक्षेपण-संस्थेने एक कोटी तीस लाख डॉलरना विकत घेतली. त्यानंतर मालाचा दर्जा उतरला अशी वादकांची ठाम समजूत झाली. ती सर्वांशी खरी नसेल, परंतु तिच्यात तथ्य होते. ‘सी.बी.एस.च्या आधीची’ हे शब्द गिटारींच्या बाजारात सोन्याच्या कसासारखे वापरले जाऊ लागले. १९८५ साली कंपनीच्याच माणसांनी ती परत विकत घेतली, आणि १९८७ साली जुन्या तोलाची वाद्ये हाताने घडवण्यासाठी ‘कस्टम शॉप’ नावाची एक खास कार्यशाळा सुरू केली.

येथे थोडे थांबून मी आपल्याकडचे उदाहरण देतो. गवयाच्या घरचा जुना तंबोरा मिरजेच्या कारागिराकडे दुरुस्तीला गेला, की तो पॉलिश होऊन, नवी जवारी लावून, उजळून परत येतो. त्याने त्याचे मोल उणावले असे कोणी म्हणत नाही. भोपळा तोच आहे, नाद तोच आहे. उलट, १९५६ सालच्या स्ट्रॅटोकास्टरला कोणी हौसेने नवा रंग दिला, तर तिची किंमत जवळजवळ निम्म्यावर येते, असा त्या बाजाराचा रूढ आडाखा आहे. लाकूड तेच, तारांखालचे वेटोळे तेच, आवाजात फरक सांगता येणार नाही, तरी निम्मी किंमत त्या फाटक्या रंगाबरोबर गेली. तेव्हा तेथे जे विकले जाते ते केवळ वाद्य नव्हे. वाद्याबरोबर त्याच्या अंगावर लिहिलेले चरित्रही विकले जाते, आणि त्या चरित्राचा कागद म्हणजे तो रंगाचा थर.

एकदा चरित्राला किंमत आली, की ते कोणीतरी लिहून देणार, हे ठरलेलेच होते.

असे सांगतात, की ‘रोलिंग स्टोन्स’ या प्रसिद्ध इंग्रजी वाद्यवृंदाचे कीथ रिचर्ड्स यांच्यासाठी कस्टम शॉपने जुन्या नमुन्याच्या काही गिटारी बनवून दिल्या. रिचर्ड्स यांनी त्या पाहिल्या आणि या फारच कोऱ्या दिसतात असा शेरा मारला. कथा खरी असो वा रचलेली, १९९५ साली फेंडरने पहिल्या झिजवलेल्या गिटारी व्यापाऱ्यांपुढे मांडल्या, आणि त्यांच्यावर अक्षरशः उड्या पडल्या. सुरुवातीची चार-पाच वर्षे झिजवण्याचे हे काम मिसूरी राज्यातील विन्स क्युनेटो या कारागिराच्या छोट्या कार्यशाळेत होत असे. कॅलिफोर्नियाहून कोरी अंगे आणि कोऱ्या माना येत, आणि म्हाताऱ्या होऊन परत जात.

या मालाला नाव दिले ‘रेलिक’. आपल्यापैकी जे जुन्या गोव्याला बॉम जेझूच्या चर्चमध्ये गेले असतील, त्यांना या शब्दाचा मूळ अर्थ ठाऊक असेल: संताचे जपून ठेवलेले पवित्र अवशेष. जी वस्तू केवळ जपता येते, बनवता येत नाही, तिचेच नाव बनवलेल्या मालाला द्यावे, याला धंद्याची हुशारी म्हणावे की धिटाई, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पण कारागिरीला मात्र दाद द्यावी लागते. नुसते काचकागदाने घासून भागत नाही. तसे केले तर गिटार जुनी दिसत नाही, घासलेली दिसते. म्हणून प्रथम पातळ लॅकरचा हात द्यायचा, आणि त्यात किंचित पिवळी झाक मिसळायची. मग अंग तापवून एकदम गार करायचे. अतिशीत वायूचा झोत सोडला की लॅकर बारीक आवाज करत तडकते. गिब्सनसाठी काम करणारे टॉम मर्फी यांनी निराळी वाट काढली. ते दाढीच्या पात्याने एकेक भेग हाताने ओढीत. २०२१ सालापासून त्यांच्या नावाची स्वतंत्र शाखाच त्या कंपनीने काढली आहे. तिथे म्हातारपणाच्या चार पायऱ्या ठरलेल्या आहेत: अति-हलके, हलके, जड आणि अति-जड. गिऱ्हाइकाने आपल्याला पेलेल ते निवडावे.

धातूच्या भागांची तऱ्हा वेगळी. खुंट्या, स्क्रू आणि तारांची घोडी बंद डब्यात हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेवर काही वेळ ठेवली, की निकेलची चकाकी मरून राखाडी कळा येते. थोडे अधिक ठेवले तर गंजाचे ठिपके उमटतात. प्लॅस्टिकच्या पांढऱ्या टोप्या चहाकॉफीत भिजवून किंवा रंगवून पिवळ्या करतात. किल्ल्यांचा जुडगा आपटून टवके पाडतात. टवका पाडल्यावर त्याच्या कडा बोटाला टोचता कामा नयेत. खऱ्या जुन्या टवक्याच्या कडा हातांनी गुळगुळीत झालेल्या असतात, म्हणून त्याही घोटायच्या. उघड्या पडलेल्या लाकडात मळ भरायचा. आणि सर्वांत अवघड भाग म्हणजे जागा. उभ्याने वाजवणाऱ्याचा हात कुठे टेकेल, बक्कल कुठे लागेल, कोणत्या पडद्यांपाशी बोटे जास्त रेंगाळतील, हे ओळखून झीज तिथेच पाडावी लागते. म्हणजे जो वादक कधी जन्मलाच नाही, त्याचे शरीर आणि त्याच्या सवयी कारागिराला मनात उभ्या कराव्या लागतात. वाईट नक्कल ओळखू येते ती इथे. तिच्यावर जखमा पुष्कळ असतात, परंतु माणूस सापडत नाही.

खऱ्या झिजेत माणूस कसा सापडतो, याचे एक उदाहरण सांगतो. आयर्लंडमधील कॉर्क शहरातील रोरी गॅलाहर या पंधरा वर्षांच्या मुलाने १९६३ साली तेथील एका दुकानातून १९६१ सालची एक वापरलेली स्ट्रॅटोकास्टर हप्त्याने घेतली. किंमत सुमारे शंभर पौंड. घरच्या परिस्थितीच्या मानाने भलतीच. ती गिटार त्याने आयुष्यभर सोडली नाही. मधे एकदा डब्लिनमध्ये ती चोरीला गेली आणि काही दिवसांनी पावसात भिजलेली, एका खड्ड्यात सापडली. त्याचा घाम फार आम्ल असल्याने रंग टिकला नाही, असेही सांगतात. रात्रीमागून रात्री, गावामागून गाव तो असा काही घाम गाळून वाजवी, की शेवटी तिच्या अंगावर रंगाची काही बेटे तेवढी उरली, बाकी सगळे उघडे लाकूड. १९९५ साली तो वारला. फेंडरने पहिल्या ‘रेलिक’ गिटारी बाजारात आणल्या त्याच साली. पुढे त्याच्या गिटारीची हुबेहूब नक्कल कस्टम शॉपने विकायला काढली. मूळ गिटार २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला लिलावात आठ लाख एकोणनव्वद हजार चारशे पौंडांना गेली. ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देण्यासाठीच विकत घेतली होती.

दुसरे उदाहरण एरिक क्लॅप्टन यांच्या ‘ब्लॅकी’चे, आणि ते जास्त बोचरे आहे. १९७० साली नॅशव्हिलच्या एका दुकानात जुन्या स्ट्रॅटोकास्टर शंभरेक डॉलरला एक या भावाने पडल्या होत्या. क्लॅप्टन यांनी सहा घेतल्या, तीन मित्रांना वाटल्या, आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग एकत्र करून एक काळी गिटार जुळवली. म्हणजे संग्राहकांच्या शास्त्राप्रमाणे ती ‘अस्सल’ नव्हतीच; ती तीन गिटारींची गोधडी होती. वाजवताना जळती सिगारेट ते गिटारीच्या माथ्यावर तारांच्या टोकाला अडकवून ठेवीत, त्यामुळे तिथले लाकूड करपले होते. २००४ साली, क्लॅप्टन यांनी स्थापलेल्या व्यसनमुक्ती-केंद्राच्या मदतीसाठी, ‘ब्लॅकी’ न्यूयॉर्कला नऊ लाख एकोणसाठ हजार पाचशे डॉलरना विकली गेली. दोन वर्षांनी तिच्या २७५ प्रती निघाल्या. प्रत्येकीला चोवीस हजार डॉलर. हिशेब केला तर ६६ लाख डॉलर होतात, म्हणजे मुळीच्या जवळजवळ सातपट. आणि त्या २७५ प्रतींच्या माथ्यावर, त्याच जागी, सिगारेटचा तोच डाग! एका माणसाच्या निष्काळजीपणाची एवढ्या काळजीपूर्वक नक्कल दुसरीकडे कुठे झाली असेल असे मला वाटत नाही.

मग ही फसवणूक आहे काय? माझे मत असे, की विक्रेत्याने स्पष्ट सांगितले असेल तोवर ती फसवणूक नव्हे. नाटकातल्या राजाच्या मुकुटाला कोणी बनावट म्हणत नाही. शिवाय वादकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, जुनी मान घोटून घोटून रेशमासारखी झालेली असते, तिच्यावर हात अडखळत नाही. ते सुख आम्हांला चोवीस हजारांत न मिळता दोन-तीन हजारांत मिळत असेल, तर बिघडले कोठे? हा मुद्दा मला मान्य आहे. हाताला कळणारा गुळगुळीतपणा ही खरी वस्तू आहे. ती घोटून मिळाली काय आणि तीस वर्षांनी मिळाली काय. दुसरे असे, की कोऱ्या करकरीत गिटारीवर पहिला ओरखडा पडेपर्यंत वादक तिला भिऊन असतो. आधीच ओरखडलेली गिटार ती भीती नाहीशी करते. नवी सायकल घेतल्यावर पहिला महिना आपण ती कशी जपतो, हे आठवा.

परंतु माथ्यावरच्या त्या करपलेल्या डागाला हा युक्तिवाद लागू पडत नाही. तो हाताला लागत नाही आणि आवाजात ऐकू येत नाही. तो फक्त पाहणाऱ्यासाठी आहे, आणि तो जे सांगतो ते घडलेले नाही. ‘मी पुष्कळ रात्री जागलो आहे’ हे वाक्य ज्याने त्या रात्री जागवल्या त्यानेच म्हणावे, असे मला वाटते. गॅलाहरची गिटार झिजावी म्हणून त्याने काही केले नव्हते. तो वाजवीत होता, आणि ती झिजत होती.

खरी अडचण पुढच्या हातांत सुरू होते. पहिल्या गिऱ्हाइकाला सारे ठाऊक असते. दुसऱ्याला सांगितले जाते. तिसऱ्याला? कस्टम शॉप माथ्याच्या पाठीमागे आपली खूण उमटवते आणि सोबत दाखलाही देते. पण खूण घासता येते आणि कागद हरवतो. खोट्या जुन्या गिटारी लाखांच्या भावाने खपवण्याचे प्रकार होतात, म्हणून जाणते लोक अनेक कसोट्या लावतात. अंधारात अतिनील किरण टाकले तर जुने लॅकर हिरवट चमकते, ताजे तसे चमकत नाही. रंग खाण्याचा प्रयत्न आतल्या जोडणीवर झाला नसेल तर तीही बोलते. रेडिओला असते तसली आवाजाची फिरती कळ गिटारीलाही असते. तिच्या पाठीवर कारखान्याचा आणि वर्ष-आठवड्याचा आकडा कोरलेला असतो. ‘३०४’ असेल तर स्टॅकपोल कंपनी, ‘१३७’ असेल तर सी.टी.एस.; त्यापुढच्या आकड्यांवरून ती कळ कोणत्या साली बनली ते कळते. १९५६ च्या गिटारीत १९६६ ची कळ सापडली, तर मालकाला काहीतरी खुलासा द्यावा लागतो. तुमच्या-माझ्यासारख्या रेडिओवाल्यांना यात आपलेपणा वाटावा.

हा खेळ गिटारीपासून सुरू झालेला नाही, हेही सांगून टाकतो. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे विख्यात व्हायोलिनकार विलोम स्त्रादिवारीच्या व्हायोलिनांच्या नकला करीत, आणि हनुवटीखालचे व्हार्निश उडालेले असते तेही हुबेहूब उडवीत. पागानिनीचे स्वतःचे व्हायोलिन दुरुस्तीला आले असता त्यांनी त्याची अशी प्रत काढली, की पागानिनीलाही आपले कोणते हे क्षणभर ओळखेना, अशी आख्यायिका आहे. त्या नकलेला आज स्वतःचे मोल आहे, आणि विलोमचे नाव तिच्यावर सन्मानाने घेतले जाते.

गिटारींच्या बाबतीतही तेच घडू लागले आहे. क्युनेटो यांच्या कार्यशाळेतून १९९५ ते १९९९ या काळात निघालेल्या गिटारी आता त्यांच्या नावाने ओळखल्या जातात, आणि संग्राहक त्यांच्या शोधात असतात. त्या आता सुमारे तीस वर्षांच्या झाल्या. त्यांच्यावरचे पातळ लॅकर आपल्या स्वभावाप्रमाणे वाळतच राहिले आहे. गार वायूने पाडलेल्या भेगांच्या मधून नव्या भेगा आपोआप आल्या आहेत. आम्लाने मळवलेल्या निकेलवर खरा गंज चढला आहे. कारागिराने हात टेकण्याची म्हणून जी जागा अंदाजाने उघडी केली, तिथेच पुढे कोणी खरोखर हात टेकला आणि त्या लाकडात त्याचा घाम मुरला. यातला कोणता ओरखडा मिसूरीच्या कार्यशाळेत पडला आणि कोणता पुढे एखाद्या गावच्या रंगमंचावर, हे त्या गिटारींच्या मालकांनाही आता नेहमीच सांगता येत नाही.